माजघराला खिडकी



भातकापणी उरकली, खळ्यात झोडणी चालू आहे. थंडी अजून म्हणावी तशी पडलेली नाही, त्यामुळे मोहोराबद्दल आत्ताच लिहिण्यात अर्थ नाही. मेमध्ये टाकलेल्या आंब्याच्या पेट्यांच्या फोटोत मागे आमचं घर दिसलं, तेव्हापासून बरेच जण विचारतायत की घराचं काय केलंत, पाडलंत की ठेवलंत, खर्च किती आला. म्हणून आज बागेचं नाही, घराचं लिहितो. तसं बघितलं तर बागायतदाराच्या घरात आणि बागेत फार अंतर नसतं, ते पुढे कळेलच.

घर आजोबांनी १९५८ साली बांधलं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, फणसाचे खांब, ऐन-किंजळाचे वासे, वर मंगळुरी कौलं. पुढे खळं, मग चार पायऱ्या, पडवी, ओटी, आत माजघर, माजघराच्या डोक्यावर माळा, त्यामागे स्वयंपाकघर आणि मागीलदारी न्हाणी. आपल्या रत्नागिरीत अशी घरं होती तेव्हा कुणाला त्यांचं कौतुक नव्हतं. आता निम्मी उरलीत आणि शहरातली माणसं गाडी थांबवून फोटो काढतात.

आमच्या घराचा प्रश्न सुरू झाला तो माकडांमुळे. हे बाहेरच्यांना विनोदी वाटेल, पण कोकणात राहणाऱ्याला वाटणार नाही. वानराचा कळप एकदा छपरावरून गेला की दहा-पंधरा कौलं फुटतात. पूर्वी आगोटीला घर परतायला चार गडी मिळायचे. सगळी कौलं उतरवायची, झाडायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि परत बसवायची, हे काम तीन दिवसांत व्हायचं. आता एक माणूस मिळवायला आठवडा फोन करावा लागतो. त्यात २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं. आंबा गेला तो गेलाच, पडवीवरची निम्मी कौलं खळ्यात येऊन पडली. आमच्यापेक्षा दापोली-मंडणगडवाल्यांनी आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळात किती भोगलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यापुढे आमचं काहीच नाही. पण त्या रात्री आई ओटीवर बसून होती आणि वरून एकेक कौल सुटल्याचा आवाज येत होता, तेव्हा मीसुद्धा मनात म्हटलं होतं, पाडूया हे आणि टाकूया स्लॅब.

मुलाचं मत तेव्हापासून पक्कं झालं. त्याने एका ठेकेदाराकडून अंदाजपत्रक आणलं. सगळं छप्पर उतरवून सपाट स्लॅब, आत पीओपीचं छत, खाली चकचकीत फरशी, भिंतींना पुट्टी, साडेनऊ लाख. सूनबाईंनी मोबाइलवर फोटो जमवले होते, दोनशे तरी असतील. मी चष्मा लावून एकेक बघितला. खोटं कशाला बोलू, छान होते. पांढऱ्या भिंती, वेताचे दिवे, कोपऱ्यात कुंडीतलं केळीसारखं झाड. (केळीचं झाड कुंडीत लावून दिवाणखान्यात ठेवायचं हे मला अजून पचलेलं नाही.)

त्यातल्या एका फोटोवर मी थांबलो. अलिबागकडच्या कुठल्याशा बंगल्याचा होता. एका भिंतीला जुनं, जाड फळ्यांचं दार नुसतं टेकवून ठेवलेलं, वर पितळी कड्या, आणि त्याच्यावर दिवा सोडलेला. ते दार उघडत नव्हतं की मिटत नव्हतं. ते शोभेचं होतं.

तसंच दार आमच्या गोठ्याच्या खोलीला होतं. २०१४ साली जुनी लाकडं घेणारा एक माणूस टेम्पो घेऊन गावात आला आणि मी ते दार चौकटीसकट साडेसहा हजारांना दिलं. वर त्याला चहाही पाजला. फोटोतलं दार आमचंच असं मी म्हणत नाही, तशी शेकडो दारं गेली आपल्याकडून. पण मी सूनबाईला म्हटलं, "हे आपल्याकडे होतं." ती म्हणाली, "मग विकलंत का बाबा?" मला उत्तर देता आलं नाही. जागा अडवत होतं म्हणून विकलं, एवढंच खरं कारण.

त्यानंतर तीच म्हणाली की फोटो बघण्यापेक्षा खरंच काहीतरी बघून येऊया. म्हणून एका रविवारी आम्ही सगळे थिबा पॅलेसला गेलो. इतकी वर्षं रत्नागिरीत जातोय, बँकेत, बाजार समितीत, कृषी कार्यालयात, पण थिबा पॅलेसमध्ये मी शाळेच्या सहलीनंतर गेलो नव्हतो.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या थिबा राजाला पदच्युत करून पुढच्या वर्षी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा तयार होऊन तो राहायला गेला १९१० साली, आणि १९१६ मध्ये वारलाही. म्हणजे वाट पाहिली चोवीस वर्षं आणि राहिला सहा. मला मात्र त्या दिवशी राजापेक्षा त्याच्या छपराकडे बघावंसं वाटलं. बांधणारं सरकार इंग्रजांचं, राहणारा ब्रह्मदेशचा, पण दगड आपल्या सड्यावरचा जांभा आणि छप्पर उतरतं. अर्धगोल खिडक्या, त्यांत रंगीत काच, ऊन आत येतं ते जमिनीवर रंग सांडत येतं. लाकडी काम बर्मा सागाचं. साम्राज्याकडे पैशाची कमी नव्हती, तरी पावसासमोर त्यांनीही कोकणी घरासारखंच डोकं वाकवलं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्याला सपाट डोकं दाखवून चालत नाही.

परत येताना टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थानही बघितलं. तिथे तर मला सारखं आपल्याच घरात फिरतोय असं वाटत होतं. उतरतं कौलारू छप्पर, आत शिरताना खाली वाकायला लावणारी दारं, बसती जागा अंगणाकडे तोंड करून. सूनबाई फोटो काढत होती, मुलगा गप्प होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाबा, बघायला छान आहे. राहायला तुम्हाला पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागतात." त्याचंही खोटं नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. शेतकरी मित्रांना उपयोग होईल म्हणून सांगतो, नाहीतर झाकलीच असती.

२०१६ साली मी मागच्या बाजूला आंबा ठेवायला नवी खोली बांधली होती. दहा बाय चौदा, सपाट स्लॅब, शटर. तोपर्यंत आमचा आंबा माजघरात पिकायचा. खाली पेंढा, त्यावर आंब्याचा थर, परत पेंढा, अशी अढी. घरच्या हापूसला आठ-दहा दिवस लागायचे, रोज संध्याकाळी आई हात घालून वासावरून सांगायची कुठला थर उद्या काढायचा. मला वाटलं, हे जुनाट झालं, माजघर मोकळं होईल, नवी खोली पक्की, उंदीर नाहीत, माकड नाही. त्या वर्षी नव्या खोलीत लावलेल्या अढीतला साधारण चौथा हिस्सा आंबा देठाकडून काळा पडला.

मी कृषी अधिकाऱ्यांना दाखवला. त्यांनी बरोबर प्रश्न विचारले. देठ ठेवून काढला होता का, काढल्यावर उन्हात किती वेळ होता, शेवटची बुरशीनाशकाची फवारणी कधी झाली. देठकूज बागेतून येते, नुसत्या खोलीने होत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि ते मला मान्य आहे. पण त्याच दिवशी, त्याच झाडांवरून काढलेला थोडा आंबा आईने हट्टाने माजघरात लावला होता. तो बराच चांगला निघाला. अधिकारी म्हणाले, "खोलीत उष्णता आणि दमट हवा कोंडली असेल तर बुरशीला आयतंच फावतं. मोजलंय का कधी?"

मोजलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं मोजलंही नाही. ती खोली खतं आणि फवारणी पंप ठेवायला वापरली आणि विषय संपवला. स्लॅबचं अंदाजपत्रक हातात आल्यावर मला त्या प्रश्नाची आठवण झाली. बाजारातून दोन साधे तापमापक आणले, एक माजघरात खुंटीला टांगला आणि एक स्लॅबच्या खोलीत. त्या एप्रिलमध्ये दहा दिवस रोज दुपारी चार वाजता आणि रात्री दहा वाजता वहीत लिहिलं. दुपारी चारला स्लॅबच्या खोलीत ३५ ते ३७, माजघरात ३० ते ३१. रात्रीचे आकडे जास्त बोलके होते. माजघर २८ वर यायचं, स्लॅबची खोली ३३ च्या खाली यायला तयार नसायची. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खाली ओततो. कौलं तापतात, पण पातळ असल्याने लवकर निवतात, फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि मध्ये माळ्याची हवा असते. माळ्यावर पेंढा भरलेला असला तर तो गादीसारखा आड येतो. हा काही प्रयोग नाही, एका घरातली दहा दिवसांची वही आहे. पण माझ्या आंब्यासाठी मला तेवढी पुरेशी होती.

ही वही मी रात्री जेवताना सगळ्यांसमोर ठेवली. मला वाटलं, आता विषय मिटला, माजघर जिंकलं.

आमच्या सौ. तिथेच भाकऱ्या करत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "तुम्हाला माजघर थंड लागतं, कारण तुम्ही तिथे दुपारी झोपता. मी तिथे तीस वर्षं डोळे ताणून तांदूळ निवडले. तापमापक इकडे चुलीपाशी पण टांगायचा होतात."

कुणी काही बोललं नाही. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मी वहीकडे.

खरंच आहे ते. आपल्या जुन्या घरांचं कौतुक करताना आपण ओटीवरून बोलतो. ओटीला वारा, ओटीला उजेड, ओटीला झोपाळा. पाहुणा येतो तो ओटीवर बसतो, फोटो निघतो तो ओटीचा. माजघरात दिवसा दिवा लावावा लागतो. त्याच्या मागे स्वयंपाकघर, तिथे एक हातभर झरोका, आणि धूर जायला दोन कौलं उचलून ठेवलेली. पावसाळ्यात तीही बंद. भिंती काजळीने काळ्या, आणि तिचे डोळे वर्षातून चार वेळा सुजायचे. गॅस आला तरी पाणी, भात, गुरांचं आंबोण अजून चुलीवरच होतं. मुलाने आणलेल्या साडेनऊ लाखांच्या कागदात स्वयंपाकघराला एक ओळ होती: "किचन ओटा, काळा ग्रॅनाइट." आणि माझ्या तापमापकांत एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, तुला काय काय हवंय ते सांग. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घराबद्दल असं विचारण्याची ही पहिलीच वेळ, हे लिहिताना लाज वाटते. तिने तीनच गोष्टी सांगितल्या. पूर्वेला खिडकी. पाणी घरात. आणि माजघरात एवढा उजेड की सुईत दोरा ओवता यावा. स्लॅब की कौल याचं तिला काही पडलेलं नव्हतं.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. शोभेचं राहू दे, आधी प्रत्येक जागा काय काम करते ते लिहायचं. मी, मुलगा आणि सूनबाई, तिघांनी एका वहीत. खळं: भात, कोकम, आमसुलं, आंबोशी वाळवणं. पडवी: पावसाची झड अडवणं, ओले पाय. ओटी: माणसं. माजघर: अढी, दुपारची झोप, बाळंतीण. माळा: पेंढा, बियाणं आणि उन्हाची आडकाठी. जिथे काम उरलेलं नाही तिथे हवं ते बदलायचं, जिथे काम आहे तिथे आधी त्या कामाला विचारायचं. सूनबाईने मोबाइलमधल्या दोनशे फोटोंतले बरेचसे त्या दिवशी स्वतःच काढून टाकले. पण वीसेक ठेवले, आणि त्यांतले चार आम्हाला खरंच उपयोगी पडले.

त्यांत एक केरळचं घर होतं. तिथूनच आम्हाला लॉरी बेकर हा माणूस कळला. इंग्लंडात १९१७ साली जन्मलेला वास्तुविशारद, १९४५ मध्ये भारतात आला आणि इथलाच होऊन गेला, २००७ साली तिरुवनंतपुरमला वारला. घर आजूबाजूच्या पाच मैलांत मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं, असं गांधीजींनी आपल्याला सांगितलं होतं, ही आठवण बेकर सांगत. आमच्या घराला हे सांगावं लागलं नव्हतं, चिरा दोन मैलांवरच्या खाणीतला आणि लाकूड परसातलं. पण बेकरची एक युक्ती मला फार आवडली. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसा भार घेत नाही, ताण घेते ती सळई. मग सळयांच्या मधल्या चौकोनांत काँक्रीटऐवजी जुनी मंगळुरी कौलं घालायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, दोन कौलं एकमेकांवर ठेवली तर मधल्या पोकळ हवेमुळे उष्णताही कमी उतरते, आणि खालून बघितलं तर कौलांची नक्षी दिसते, वेगळं पीओपी लागत नाही. याला फिलर स्लॅब म्हणतात. सळईचं गणित मात्र इंजिनिअरकडूनच करून घ्यायचं, आपल्या मनाने नाही.

आम्ही न्हाणी आणि संडास घरात घेतले, तेवढ्या मागच्या भागावर असा स्लॅब टाकला, आणि त्याच्यावरही उतरतं हलकं छप्पर केलं. गवंडीकाकांना ही कल्पना सांगितल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे असं बघितलं की भाऊचं डोकं फिरलंय. "फुटकी कौलं स्लॅबात घालायची? लोक हसतील हो." मी म्हटलं, फुटकी नाही काका, अख्खी. खालचे बांबू-फळ्या काढल्यावर तेच शेजारच्या वाडीतल्या माणसांना बोलावून बोलावून दाखवत होते.

दुसरी युक्ती श्रीलंकेची. तिथले जेफ्री बावा हे मोठे वास्तुविशारद. त्यांनी सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांवर देशी अर्धगोल कौलं अंथरायची पद्धत वापरली. पाऊस अडवतो पत्रा, ऊन आणि रूप सांभाळतं कौल. आम्ही पडवी आणि स्वयंपाकघरावर हेच केलं, फक्त आपल्याकडे मिळणारा लोखंडी पत्रा खाली आणि आपलीच उतरवलेली मंगळुरी कौलं वर, रिपा ठोकून. आता माकडाने कौल फोडलं तरी घरात थेंब येत नाही, सवड मिळेल तेव्हा बदलता येतं. नुसत्या पत्र्याचा पावसात जो ढोल वाजतो तोही दबतो. वाळवीने खाल्लेले वासे होते तिथे लोखंडी पाइप घातले. हे काही जणांना रुचणार नाही. मलाही फणसाच्या खांबाशेजारी पाइप बघवत नव्हता, पण त्या मापाचं लाकूड आता परवडत नाही. सूनबाईने त्याला काव-तेलाचा तांबडा हात दिला, आता नजरेत येत नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर, भिंतींना पुट्टी लावली नाही. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल घेतो आणि उन्हाळ्यात सोडतो. आतून चुना, बाहेरून उघडा चिरा, सांधे तेवढे भरून घेतले. खाली हातभर उंचीपर्यंत तांबड्या कावेचा पट्टा ओढला. गोव्यात आणि सिंधुदुर्गात जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगात कावी काम दिसतं ना, चुन्याच्या गिलाव्यावर कोरून काढलेलं, त्याचा एक अगदी गरीब नातेवाईक म्हणा. सूनबाईने देवघराच्या कोनाड्याभोवती एक वेल काढली. ती पुण्याची आहे, चुन्यात हात घालून बोटं सोलवटून घेतली, पण वेल सरळ आली. मुलगा म्हणाला, सड्यावरच्या कातळशिल्पांसारखं दिसतंय. उक्षीचा हत्ती, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, हजारो वर्षांपूर्वी ज्या कातळात माणसांनी चित्रं कोरली तोच हा जांभा. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आमची वेल अजून तरी तिथे गेलेली नाही.

फरशीवरून मात्र भांडण झालं. मुलाला चकचकीत हवी होती. शेवटी त्याच्या खोलीत ती घातली, बाकी घरात तांबडा कोबा. पहिल्याच पावसात त्याच्या खोलीची जमीन घामाने ओली झाली आणि तो सॉक्स घालून घसरला. मी काही बोललो नाही. आई बोलली.

आता खिडकीचं.

माजघराची भिंत दीड फूट जाडीची. पूर्वेच्या बाजूला तीन बाय चारची खिडकी पाडायची ठरली. मीच शेवटपर्यंत कचरत होतो. उजेड आला की ऊन येणार, ऊन आलं की गारवा जाणार, गारवा गेला की अढी गेली. सौ. म्हणाल्या, "नसेल होत तर राहू दे." तो "राहू दे" मी आयुष्यभर ऐकलाय आणि दर वेळी खरंच राहू दिलंय. गवंडीकाकांना म्हटलं, काढा चिरा.

वरती आधी लिंटेल बसवून घेतलं आणि मग एकेक चिरा काढला. पासष्ट वर्षं बंद असलेल्या त्या जागेतून सकाळचं ऊन थेट समोरच्या भिंतीवर जाऊन पडलं. धूळ एवढी होती की पहिल्यांदा उन्हाचा नुसता सोटाच दिसला. सौ. आतून पदराने हात पुसत आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो बाई, कोळिष्टकं किती आहेत हो आपल्याकडे!" आणि झाडू आणायला गेल्या. दोन दिवस घर झाडत होत्या. उजेड आला की काम वाढतं हेही लिहून ठेवतो.

स्वयंपाकघरातही पूर्वेला तशीच खिडकी, छपरात काचेची चार कौलं, त्यांच्याखालचा पत्रा तेवढा कापून घेतला. चूल बाहेर मागच्या पडवीत नेली, तिला धुराडं केलं. सगळा खर्च चार लाख साठ हजार. त्यात आमची घरची मजुरी धरलेली नाही. गेल्या दिवाळीनंतर काम काढलं, फेब्रुवारीअखेर संपलं, म्हणजे आंब्याच्या आधी.

या एप्रिलमध्ये परत तापमापक टांगले. या वेळी तीन, तिसरा स्वयंपाकघरात. माजघर दुपारी चारला ३१ ते ३२ पर्यंत गेलं, म्हणजे खिडकीने साधारण एक अंश खाल्ला. मात्र सकाळी नऊनंतर खिडकीची झडप लावून घेतली त्या दिवशी पूर्वीइतकंच राहिलं. आता तसा नेमच केलाय. सकाळी उघडी, नऊला बंद, संध्याकाळी परत उघडी. अढी खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात सरकवली. आंबा नीट पिकला. नासाडी पूर्वी माजघरात असायची तेवढीच, म्हणजे पेटीला दोन-तीन फळं. स्वयंपाकघरात मात्र भाकरीच्या वेळी ३४ होतं. पूर्वीचा आकडा माझ्याकडे नाही, कारण तिथे मी कधी मोजलंच नव्हतं.

आई म्हणते माजघर आता माजघर राहिलं नाही, दुपारी डोळा लागत नाही. तिच्यासाठी झडपेला आतून गोणपाट लावलंय. मुलगा अजून अधूनमधून स्लॅबवर पाण्याची टाकी आणि सोलरचं बोलतो. सोलरबद्दल त्याचं बरोबर आहे, उतरत्या दक्षिण बाजूला बसतं का ते बघतोय. सौ. आत्ता हे लिहीत असताना खिडकीखाली पाट घेऊन नव्या भाताचे तांदूळ निवडतायत. चष्मा लावलेला नाही.

कुणाकडे जुनी मंगळुरी कौलं शिल्लक असतील तर कळवा. आमच्या कौलांच्या मापाची नवीन मिळत नाहीत. गोठ्याचं छप्पर या फेब्रुवारीत घ्यायचंय, अजून दीडशे-दोनशे लागतील. घर उतरवून स्लॅब टाकणार असाल आणि कौलं बांधावर रचून ठेवलेली असतील तर फेकू नका, मी टेम्पो घेऊन येतो. आणि जुनं दार निघत असेल तर विकण्याआधी एकदा मला फोटो पाठवा.